एक्सप्लोड करण्यापूर्वी : ड्रॉइंगमधील संयुक्त ऑब्जेक्ट सुटे करण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये संगणकावर ड्रॉइंग करणारी मंडळी तीन-चार वेगवेगळ्या क्षेत्रांत विखुरलेली आहेत. गंगापूर रोड आणि कॉलेज रोड परिसरातील वास्तुविशारदांची कार्यालये, अंबड, सातपूर आणि सिन्नर येथील कारखाने व टूलरूम, जमिनीची मोजणी करणारे सर्वेक्षक आणि आयटीआय किंवा पदविका अभ्यासक्रमातील विद्यार्थी या सर्वांचे काम निराळे असले, तरी ‘एक्सप्लोड’ या एका कमांडविषयीचे त्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे प्रामुख्याने ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रणालीची आहेत.

एक्सप्लोड केल्याने नेमके काय होते?

ब्लॉक (एका नावाखाली एकत्र बांधलेली आकृती), पॉलिलाइन (सलग जोडलेल्या रेषा-चापांची एक रेषा), डायमेन्शन (माप दाखवणारी रेषा व आकडा), हॅच (आकृतीत भरलेला नमुना), टेबल, मल्टिलाइन टेक्स्ट हे सारे संयुक्त ऑब्जेक्ट आहेत. म्हणजे पडद्यावर अनेक रेषा आणि अक्षरे दिसत असली, तरी प्रणाली त्यांची नोंद एकच ऑब्जेक्ट म्हणून ठेवते. ऑब्जेक्ट निवडून ‘एक्स’ टाइप केले आणि एंटर दाबले की ती एकत्रित नोंद मोडते आणि तिच्या जागी साध्या रेषा, चाप, अक्षरे असे सुटे घटक येतात. चित्र बहुधा पूर्वीसारखेच दिसते आणि येथेच फसगत होते. डोळ्यांना दिसते ती भूमिती शिल्लक राहते, परंतु तिच्यासोबत साठवलेली माहिती, म्हणजे ब्लॉकचे नाव, ॲट्रिब्यूटमधील (ब्लॉकला जोडलेल्या माहितीच्या रकान्यांतील) मजकूर, पॉलिलाइनची जाडी, डायमेन्शनचा मूळ रेषेशी असलेला संबंध, ही निघून जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही कमांड एका वेळी एकच पातळी उघडते. खोलीच्या ब्लॉकमध्ये पलंगाचा ब्लॉक असेल आणि पलंगाची कड पॉलिलाइनने काढलेली असेल, तर पहिल्या वेळी पलंगाचा ब्लॉक मोकळा होतो, दुसऱ्या वेळी पॉलिलाइन आणि तिसऱ्या वेळी सुट्या रेषा मिळतात. आपल्याला हवी ती पातळी आली की तेथेच थांबावे. पडद्यावर काही फरक दिसला नाही म्हणून पुन्हा पुन्हा ‘एक्स’ देत राहणे ही फार महागात पडणारी सवय आहे.

मग एक्सप्लोड कधी करावे आणि कधी टाळावे?

आपल्याला तुकडे हवे आहेत की केवळ बदल करायचा आहे, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. दाराची रुंदी बदलणे, ब्लॉकमधील एक रेषा काढून टाकणे, डायमेन्शनचा आकडा थोडा बाजूला सरकवणे, पॉलिलाइनचा एक कोपरा हलवणे ही सारी कामे बदलाची आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकासाठी एक्सप्लोडपेक्षा चांगला मार्ग उपलब्ध आहे. याउलट, बाहेरून आलेल्या ब्लॉकमधून फक्त एक आकृती घेऊन बाकीचे टाकून द्यायचे असेल, यंत्राला द्यायच्या फाइलमध्ये ब्लॉक चालत नसतील किंवा एखादा ॲरे (ठरावीक अंतराने मांडलेल्या प्रतींचा संच) अंतिम झाल्यावर त्यातील प्रत्येक नग स्वतंत्रपणे हाताळायचा असेल, तर एक्सप्लोड हाच योग्य मार्ग आहे आणि तो बिनदिक्कत वापरावा. मात्र मूळ फाइलची प्रत काढून त्या प्रतीवरच हे काम करावे, असा आमचा आग्रह आहे.

ब्लॉक न फोडता त्यात बदल कसा करावा?

ब्लॉकवर दोनदा क्लिक केल्यास किंवा ‘बीएडिट’ दिल्यास ब्लॉक एडिटर उघडतो. तेथे केलेला बदल जतन केला की ड्रॉइंगमधील त्या नावाचे सर्व ब्लॉक एकाच वेळी बदलतात. आजूबाजूच्या भिंती पाहत बदल करायचा असेल, तर ‘रेफएडिट’ अधिक सोयीचे पडते, कारण ते ब्लॉक त्याच्या जागेवरच उघडते. ‘मला चाळीसपैकी एकाच खिडकीत बदल करायचा आहे, मग फोडण्यावाचून उपाय काय?’ असे पुष्कळ जण विचारतात. त्यावर उपाय असा की, ब्लॉक एडिटरमध्ये तो ब्लॉक नव्या नावाने जतन करावा, त्यात बदल करावा आणि त्या एका जागी नवा ब्लॉक बसवावा. त्यामुळे ती खिडकीही मोजणीत राहते आणि इतर खिडक्यांनाही धक्का लागत नाही.

ब्लॉकमधील एखादाच घटक बाहेर हवा असेल, तर ‘एनकॉपी’ ही कमांड आहे. ती ब्लॉकच्या किंवा एक्सरेफच्या (संदर्भ म्हणून जोडलेल्या बाहेरच्या ड्रॉइंग फाइलच्या) आतील निवडलेल्या घटकाची प्रत बाहेर काढते आणि मूळ ऑब्जेक्ट जसाच्या तसा ठेवते. ही कमांड जितकी उपयोगी आहे तितकी प्रचलित नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

मोजणीच्या ड्रॉइंगमधील बिंदू एक्सप्लोड केले आणि सगळीकडे एकच शब्द दिसू लागला. आकडे कुठे गेले?

टोटल स्टेशन या उपकरणाने केलेल्या मोजणीतून तयार झालेल्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक बिंदू हा बहुधा एक ब्लॉक असतो आणि त्याला बिंदूचा क्रमांक, पातळी आणि वर्णन असे ॲट्रिब्यूट जोडलेले असतात. ॲट्रिब्यूटची दोन अंगे असतात : एक त्याच्या रकान्याचे नाव, जे सर्व ब्लॉकमध्ये समान असते, आणि दुसरे त्या विशिष्ट ब्लॉकमध्ये भरलेले मूल्य. साध्या एक्सप्लोडने भरलेले मूल्य पुसले जाते आणि त्याच्या जागी रकान्याचे नाव दिसू लागते. म्हणून शेकडो बिंदूंजवळ एकच शब्द उमटतो.

मोजणीच्या बाबतीत हे नुकसान फार मोठे ठरू शकते. काही ड्रॉइंगमध्ये ब्लॉक खऱ्या उंचीवर बसवलेला असतो. तेथे पातळी निदान ब्लॉकच्या स्थानावरून परत मिळवता येते. परंतु अनेक ड्रॉइंगमध्ये सर्व ब्लॉक शून्य उंचीवर असतात आणि पातळीचा आकडा केवळ ॲट्रिब्यूटमध्येच असतो. तो गेला की त्या ड्रॉइंगमधून समोच्चरेषा काढता येत नाहीत, आणि नदीकाठच्या भूखंडाच्या बाबतीत तर पूररेषेच्या तुलनेत जोत्याची पातळी ठरवण्याचा आधारच नाहीसा होतो. गोदावरीच्या काठी ही बाब किती गंभीर आहे, हे नाशिककरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

अशा ब्लॉकसाठी एक्सप्रेस टूल्स या ऑटोकॅडच्या जोड-कमांडांच्या संचातील ‘बर्स्ट’ ही कमांड वापरावी. ती ब्लॉक मोकळा करते, परंतु ॲट्रिब्यूटमधील मूल्ये साध्या अक्षरांच्या रूपात जागेवर ठेवते. तरीही बर्स्ट करण्यापूर्वी ‘डेटा एक्स्ट्रॅक्शन’च्या साहाय्याने सर्व बिंदूंचा तक्ता वेगळ्या फाइलमध्ये काढून घ्यावा, कारण बर्स्टनंतर क्रमांक आणि पातळी ही एकमेकांशी नाते नसलेली दोन सुटी अक्षरे उरतात. नकाशाच्या शीर्षकचौकटीलाही हेच लागू पडते. प्रकल्पाचे नाव, शीट क्रमांक आणि सुधारणा क्रमांक हे त्यात ॲट्रिब्यूट म्हणून भरलेले असतात, त्यामुळे ती चौकट कधीही साध्या एक्सप्लोडने फोडू नये.

एक्सप्लोड केल्यावर रंग आणि लेयर का बदलतात?

लेयर म्हणजे ड्रॉइंगमधील घटक वेगवेगळे ठेवण्याचा थर. ब्लॉक तयार करताना त्याचे घटक शून्य लेयरवर काढलेले असतील, तर ब्लॉक ज्या लेयरवर बसवला जातो त्या लेयरचे रूप ते घेतात. ब्लॉक मोडला की हे उसने रूप संपते आणि घटक पुन्हा शून्य लेयरवर परततात. रंग ‘बायब्लॉक’ (म्हणजे ब्लॉकचा रंग घेणारा) ठेवलेला असेल, तर तो मोडल्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा दिसू लागतो. हा प्रणालीतील दोष नाही. ब्लॉक ज्या पद्धतीने घडवला होता त्याचाच हा परिणाम आहे.

यासाठी दुसरी एक कमांड आहे, जिचे इंग्रजी स्पेलिंग ‘ई’ वगळून थेट ‘एक्स’ने सुरू होते (XPLODE). ऐकायला ती सारखीच असली, तरी तिच्यात मोडलेल्या घटकांचा रंग, लेयर, रेषाप्रकार आणि रेषेची जाडी आपण ठरवू शकतो किंवा मूळ ब्लॉककडून ‘इनहेरिट’ करण्याचा पर्याय निवडू शकतो. हा पर्याय मूळ घटक शून्य लेयरवर आणि ‘बायब्लॉक’ गुणधर्माने काढलेले असतील तरच अपेक्षेप्रमाणे काम करतो. बर्स्टही ब्लॉकचा लेयर राखते.

बांधकाम परवानगीसाठी तयार केलेल्या ड्रॉइंगमध्ये पॉलिलाइन फोडली तर काय बिघडते?

आमच्या मते या पानावरील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार भूखंडाचे क्षेत्र, बांधकामाचे क्षेत्र, सामासिक अंतरे आणि चटई क्षेत्र निर्देशांक यांचा हिशेब द्यावा लागतो. संगणकीय तपासणीसाठी द्यायच्या ड्रॉइंगमध्ये हे हिशेब ठरावीक लेयरवरील बंद पॉलिलाइनवरून वाचले जातात. बंद पॉलिलाइन हा एकच ऑब्जेक्ट असल्याने तिला क्षेत्रफळ असते. तीच फोडली की चार, सहा किंवा वीस सुट्या रेषा उरतात. त्या रेषांना लांबी असते, पण क्षेत्रफळ नसते. पडद्यावर भूखंडाची हद्द जागच्या जागी दिसते, छापील प्रतही पूर्वीसारखीच निघते, पण तपासणी करणाऱ्या प्रणालीच्या दृष्टीने त्या ठिकाणी भूखंडच नसतो.

पॉलिलाइनला जाडी दिलेली असेल, तर तीही जाते आणि रेषा त्या जाडीच्या मध्यावर येतात. जाडीची माहिती गेल्याचा संदेश ऑटोकॅड कमांड लाइनवर देते, परंतु घाईत तो कोणी वाचत नाही.

एक कोपरा सरकवण्यासाठी ग्रिप (ऑब्जेक्ट निवडल्यावर दिसणारा लहान चौकोन) पकडून तो हलवावा, नवा शिरोबिंदू हवा असल्यास ग्रिपवर कर्सर थांबवून ‘ॲड व्हर्टेक्स’ निवडावे आणि एखादा भाग तोडायचा असल्यास ‘ट्रिम’ किंवा ‘ब्रेक’ वापरावे. यांपैकी कशासाठीही पॉलिलाइन फोडण्याची गरज नसते. आधीच फोडली गेली असेल, तर ‘जॉइन’ किंवा ‘पीएडिट’मधील जॉइन वापरून ती पुन्हा जोडता येते, आणि रेषा पूर्ण बंद आकृती बनवत असतील तर ‘बाउंडरी’ कमांडने आत एक बिंदू देऊन नवी बंद पॉलिलाइन तयार करता येते. त्यानंतर प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये ‘क्लोज्ड’समोर ‘येस’ आहे का आणि क्षेत्रफळ सातबाऱ्यावरील किंवा मोजणी नकाशावरील क्षेत्राशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय ड्रॉइंग पुढे पाठवू नये.

डायमेन्शनचा एक बाण किंवा एक रेषा नको आहे. एक्सप्लोड करून ती काढली तर चालेल का?

नाही. डायमेन्शन फोडल्यावर रेषा, बाणाचे टोक, मजकूर आणि काही बिंदू असे सुटे घटक उरतात आणि आकडा हा मेलेला मजकूर होतो. भिंत 3000 वरून 3300 केली तरी तो आकडा 3000 च राहतो, आणि सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या टूलरूममध्ये त्या आकड्यावरून पोलादाचा तुकडा कापला जातो. यंत्रभागाच्या ड्रॉइंगमध्ये फोडलेले डायमेन्शन सापडले, तर त्या संपूर्ण शीटवरील मापे पुन्हा तपासावीत, असे आम्ही आवर्जून सांगतो.

नको असलेली एक्स्टेन्शन रेषा किंवा बाण प्रॉपर्टीज पॅलेटमधून बंद करता येतो. दोन रेषा एकमेकींना छेदत असतील तर ‘डिमब्रेक’ आहे. आकडा हलवण्यासाठी ग्रिप पुरेशी आहे. एक सेटिंगही तपासून घ्यावे. ‘डिमअसॉक’ या चलाचे मूल्य 0 असेल, तर नवे डायमेन्शन जन्मतःच फुटलेल्या अवस्थेत तयार होते. 2 असेल, तर ते मूळ भूमितीशी जोडलेले राहते. कोणीही एक्सप्लोड केलेले नसताना डायमेन्शन सुटी येत असतील, तर बहुधा कारण हेच असते.

हॅच फोडावा का?

जवळजवळ कधीच नाही. दाट हॅच फोडला की त्याच्या हजारो बारीक रेषा होतात, फाइल जड होते आणि हद्दीशी असलेला त्याचा संबंध तुटतो. नमुना, कोन किंवा प्रमाण बदलण्यासाठी ‘हॅचएडिट’ वापरावे; हॅचची हरवलेली हद्द परत हवी असल्यास ‘हॅच जनरेट बाउंडरी’ ती काढून देते.

मल्टिलाइन टेक्स्ट आणि टेबल यांचे काय?

मल्टिलाइन टेक्स्ट फोडल्यावर प्रत्येक ओळ स्वतंत्र एकओळी टेक्स्ट बनते आणि परिच्छेदाची रुंदी व आपोआप ओळ मोडणे ही सोय जाते. ओळी पुन्हा एकत्र आणण्यासाठी ‘टेक्स्ट टू एमटेक्स्ट’ उपलब्ध आहे, त्यामुळे हे नुकसान भरून काढता येते. टेबल फोडल्यावर मात्र रेषा आणि मजकूर सुटे होतात आणि एक्सेलशी जोडणी असेल तर ती संपते. आकडे बाहेर हवे असतील तर टेबल न फोडता ‘टेबल एक्सपोर्ट’ करावे. एकओळी टेक्स्टवर एक्सप्लोडचा काहीही परिणाम होत नाही. अक्षरांच्या बाह्यरेषा हव्या असतील, उदाहरणार्थ पत्र्यावर नाव कोरण्यासाठी, तर एक्सप्रेस टूल्समधील ‘टेक्स्ट एक्सप्लोड’ वापरावे. त्यातून मिळणाऱ्या कडा बारीक सरळ तुकड्यांच्या असतात, म्हणून कापण्यापूर्वी त्या नीट पाहून घ्याव्यात.

ब्लॉक फोडल्यावर वर्तुळाचे लंबवर्तुळ झाले. असे का?

ब्लॉक बसवताना आडवे आणि उभे प्रमाण वेगवेगळे दिले असेल, तर आतील वर्तुळ पडद्यावर आधीच ताणलेले दिसत असते. फोडल्यावर प्रणाली त्याची प्रामाणिकपणे लंबवर्तुळ म्हणून नोंद करते आणि चापाचा लंबवर्तुळाकार चाप होतो. जुन्या नाशकातील वाड्यांची मोजमाप ड्रॉइंग करताना ही अडचण हमखास येते. एका महिरपीचा ब्लॉक तयार केला जातो आणि दुसऱ्या गाळ्याची रुंदी थोडी वेगळी असल्याने तोच ब्लॉक आडवा ताणून बसवला जातो. हाताने घडवलेल्या लाकडी महिरपी तशा ताणलेल्या नसतात. सुताराने नव्या रुंदीसाठी नवी त्रिज्या घेतलेली असते. त्यामुळे ताणलेला ब्लॉक फोडून मिळालेली वक्ररेषा भूमितीच्या दृष्टीने अचूक असली, तरी वास्तूच्या दृष्टीने खोटी असते. प्रत्येक गाळ्याचे माप स्वतंत्र घेऊन स्वतंत्र ब्लॉक करणे हाच याला प्रामाणिक उपाय आहे.

अशा विषम प्रमाणातील ब्लॉक मुळीच फुटत नसतील, तर ‘एक्सप्लमोड’ या चलाचे मूल्य 0 आहे का ते पाहावे आणि ते 1 करावे.

लेझर कटिंगसाठी डीएक्सएफ (यंत्राला द्यायची ड्रॉइंग फाइल) देताना सर्व काही एक्सप्लोड करावे का?

‘सगळे फोडून द्या’ ही सूचना औद्योगिक वसाहतींमध्ये वारंवार ऐकू येते आणि ती अर्धीच बरोबर आहे. ब्लॉक, टेक्स्ट, हॅच आणि डायमेन्शन कापण्याच्या फाइलमध्ये नसावेत हे खरे आहे. पण त्यांपैकी ब्लॉक तेवढे मोकळे करावेत आणि टेक्स्ट, हॅच, डायमेन्शन यांना फोडण्याऐवजी सरळ वगळावे, कारण फोडलेल्या डायमेन्शनच्या रेषा यंत्राला कापायच्या रेषांपेक्षा वेगळ्या दिसत नाहीत. बाह्यकड आणि आतील छिद्रे मात्र बंद पॉलिलाइन किंवा पूर्ण वर्तुळ म्हणूनच राहू द्यावीत. यंत्राच्या प्रणालीला आकृतीचे आत आणि बाहेर ओळखून त्यानुसार कापाची बाजू ठरवायची असते आणि सुट्या रेषांमध्ये सूक्ष्म फट राहिली तर ती आकृती तिला उघडी दिसते.

ब्लॉक मोकळे केल्यावर एकाच जागी एकावर एक अशा दोन रेषा राहण्याची शक्यता असते, आणि तेथे यंत्र दोनदा कापते. म्हणून शेवटी ‘ओव्हरकिल’ चालवावे, ‘जॉइन’ने कडा जोडून घ्याव्यात आणि फाइल मिलिमीटरमध्ये आहे याची एखादे ज्ञात छिद्र मोजून खात्री करावी. कापण्याची फाइल आणि मापांसह मूळ ड्रॉइंग या दोन वेगळ्या फाइल असाव्यात. पुढच्या सुधारणेच्या वेळी बदल मूळ ड्रॉइंगमध्ये करावा आणि त्यावरून कापण्याची फाइल नव्याने काढावी.

एखादा ऑब्जेक्ट एक्सप्लोड होतच नाही. कारण काय असू शकते?

सर्वांत आधी लेयर लॉक आहे का ते पाहावे. तसे नसल्यास ब्लॉकच्या व्याख्येत ‘अलाऊ एक्सप्लोडिंग’ बंद असण्याची शक्यता असते. ब्लॉक एडिटरमध्ये काहीही न निवडता प्रॉपर्टीज पॅलेट उघडल्यास ते सेटिंग दिसते आणि बदलता येते. मात्र ते कोणी तरी विचारपूर्वक बंद केलेले असते, तेव्हा ज्यांनी ब्लॉक तयार केला त्यांना आधी विचारावे. ‘मिनसर्ट’ने (ओळी-रकान्यांत एकाच वेळी अनेक प्रती बसवणाऱ्या कमांडने) बसवलेले ब्लॉक साध्या एक्सप्लोडने सुटत नाहीत. ग्रुप हा ब्लॉक नसतो, त्याच्यासाठी ‘अनग्रुप’ आहे. रेषा, वर्तुळ, लंबवर्तुळ आणि स्प्लाइन हे मुळातच एकेरी असल्याने त्यांत फोडण्यासारखे काही नसते. पीडीएफ पार्श्वभूमीला जोडलेली असेल, तर ती एक्सप्लोडने नव्हे, तर ऑटोकॅड 2017 पासून आलेल्या ‘पीडीएफ इम्पोर्ट’ने रेषांमध्ये उतरवता येते, आणि तीही पीडीएफ रेषांपासून बनलेली असेल तरच, स्कॅन केलेल्या नकाशातून रेषा मिळत नाहीत.

वास्तुरचनेच्या विशेष आवृत्तीतून आलेल्या भिंती आणि दारे साध्या ऑटोकॅडमध्ये नीट फुटत नाहीत. ज्यांनी ती फाइल तयार केली त्यांच्याकडून साध्या ऑटोकॅडच्या स्वरूपात निर्यात केलेली प्रत मागवणे हा यावरील निर्धोक मार्ग आहे.

एक्सरेफ फोडायचा आहे.

एक्सरेफ थेट फोडता येत नाही. आधी ‘बाइंड’ करून तो ब्लॉक बनवावा लागतो. बाइंड करताना दोन पर्याय येतात. ‘बाइंड’ निवडल्यास लेयरच्या नावात मूळ फाइलचे नाव आणि दोन डॉलर चिन्हांमधील शून्य येते, त्यामुळे लेयर कुठून आला हे कळते. ‘इन्सर्ट’ निवडल्यास समान नावाचे लेयर एकमेकांत मिसळतात.

परंतु येथे तांत्रिक उत्तरापेक्षा एक वेगळा विचार अधिक महत्त्वाचा आहे. समजा, भूखंडाच्या आराखड्याखाली गोदावरीच्या किंवा नासर्डीच्या पूररेषांचा नकाशा एक्सरेफ म्हणून जोडलेला आहे. त्यात निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. हा नकाशा आपण तयार केलेला नसतो आणि त्याचे मूळ बदलले तर तो बदल आपल्या ड्रॉइंगमध्ये आपोआप यावा, म्हणूनच तो एक्सरेफ म्हणून जोडलेला असतो. तो बाइंड करून फोडला की त्या दिवशीच्या पूररेषा ड्रॉइंगमध्ये कायमच्या गोठतात, आणि चुकून एखादी रेषा हलली तरी ती हलल्याचे कोणालाही कळत नाही. ज्याची जबाबदारी दुसऱ्या यंत्रणेकडे आहे असा कोणताही आधारनकाशा फोडू नये. त्यातील एखादी रेषा आपल्या कामासाठी हवी असेल, तर ती ‘एनकॉपी’ने वेगळ्या लेयरवर घ्यावी.

फोडल्यावर फाइल हलकी होते का?

उलट घडते. एका ब्लॉकची भूमिती फाइलमध्ये एकदाच साठवली जाते आणि प्रत्येक प्रतीसाठी फक्त स्थान, कोन व प्रमाण नोंदवले जाते. मंगल कार्यालयाच्या आराखड्यातील पाचशे खुर्च्या फोडल्या, तर प्रत्येक खुर्चीच्या सर्व रेषा पाचशे वेळा साठवाव्या लागतात. शिवाय मूळ ब्लॉकची व्याख्याही ‘पर्ज’ करेपर्यंत (न वापरलेल्या व्याख्या काढून टाकेपर्यंत) फाइलमध्येच राहते. खुर्च्यांची मोजणी करण्याची सोय जाते, ते निराळेच. ऑटोकॅड 2022 पासून मिळालेली ‘काउंट’ ही सुविधा ब्लॉकच्या आधारेच नेमकी चालते.

चुकून एक्सप्लोड झाले आणि फाइल जतनही झाली. आता काय करता येईल?

फाइल बंद केलेली नसेल, तर जतन केल्यानंतरही ‘अनडू’ने मागे जाता येते, म्हणून चूक कळताच पहिली सूचना ही की फाइल बंद करू नये. फाइल बंद झाली असेल, तर त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची ‘बीएके’ फाइल शोधावी. तिच्यात शेवटच्या जतनापूर्वीची अवस्था असते. तिची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये घेऊन शेवटची अक्षरे ‘डीडब्ल्यूजी’ करावीत आणि ती उघडावी. चुकीनंतर फाइल दोनदा जतन झाली असेल, तर बीएकेमध्येही चूकच साठवलेली असते; मग ऑटोसेव्हच्या फोल्डरमध्ये काही शिल्लक आहे का ते पाहावे. सापडलेल्या जुन्या फाइलमधून सगळे ड्रॉइंग नव्हे, तर फक्त फुटलेले ऑब्जेक्ट कॉपी करून ‘पेस्ट टू ओरिजिनल कोऑर्डिनेट्स’ने नव्या ड्रॉइंगमध्ये आणावेत, म्हणजे मधल्या काळातील काम वाया जात नाही.

दुसऱ्या कार्यालयाकडून पूर्णपणे फोडलेले ड्रॉइंग आले आहे. ते दुरुस्त करावे की नव्याने काढावे?

ड्रॉइंगचा उपयोग पुढे किती काळ होणार आहे यावर हे अवलंबून आहे. एकदाच संदर्भ घ्यायचा असेल, तर ते आहे तसे वेगळ्या फाइलमध्ये एक्सरेफ म्हणून जोडावे आणि त्यावर आपले काम करावे. तेच ड्रॉइंग पुढे अनेक वर्षे सुधारत न्यायचे असेल, तर दुरुस्तीला वेळ दिलाच पाहिजे.

दुरुस्ती करताना प्रथम ‘ओव्हरकिल’ने दुहेरी रेषा काढाव्यात. नंतर ‘पीएडिट’मधील ‘मल्टिपल’ पर्यायाने भिंती आणि हद्दी जोडाव्यात. तेथे विचारले जाणारे ‘फझ डिस्टन्स’ म्हणजे किती अंतराची फट जोडायची याची मर्यादा असते. मिलिमीटरमधील ड्रॉइंगमध्ये 0.5 म्हणजे अर्धा मिलिमीटर, पण मीटरमधील मोजणी नकाशात तेच 0.5 म्हणजे अर्धा मीटर होतो आणि हद्दीचे कोपरे मूळ जागेवरून सरकतात. दारे-खिडक्यांसाठी एकेका प्रकाराचा नवा ब्लॉक करावा. ऑटोकॅड 2025 मध्ये निवडलेल्या आकृतीसारख्या इतर आकृत्या शोधून त्यांचे ब्लॉकमध्ये रूपांतर करण्याची सुविधा आली आहे आणि ती या कामी उपयोगी पडते. फुटलेली डायमेन्शन दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता ती पुसावीत आणि नव्याने द्यावीत. हे करताना जुना आकडा आणि नवा आकडा यांत फरक आढळला, तर तो कागदावर लिहून ज्यांचे ड्रॉइंग आहे त्यांना कळवावा, कारण पूर्वी कोणी तरी आकृती न बदलता केवळ आकडा बदललेला असण्याची शक्यता असते.

त्रिमितीय सॉलिड फोडल्यास काय मिळते?

सपाट पृष्ठभागांचे रीजन (बंद सपाट क्षेत्रे) आणि वक्र पृष्ठभागांचे सरफेस मिळतात. रीजन पुन्हा फोडल्यास रेषा, चाप आणि स्प्लाइन मिळतात. सॉलिडचे घनफळ आणि त्यावर आधारलेले वजन काढण्याची सोय मात्र पहिल्याच टप्प्यात संपते. द्विमितीय दृश्य हवे असेल तर ‘फ्लॅटशॉट’, केवळ कडा हव्या असतील तर ‘एक्सएजेस’ आणि एकच पृष्ठभाग हलवायचा असेल तर कंट्रोल दाबून तो निवडणे, या तिन्ही गोष्टी सॉलिड शाबूत ठेवून करता येतात.

स्केचअप, रेव्हिट आणि इतर प्रणालींत हेच नियम लागू होतात का?

ब्रिक्सकॅड आणि झेडडब्ल्यूकॅड यांत ‘एक्स’ ही कमांड आणि तिचे वर्तन बरेचसे ऑटोकॅडसारखेच आहे. स्केचअपमध्ये धोका निराळा आहे : ग्रुप किंवा कंपोनंट फोडला की त्याच्या कडा शेजारच्या मोकळ्या पृष्ठभागांना चिकटतात आणि त्यानंतर एक हलवला की दुसराही ओढला जातो. रेव्हिटमध्ये आयात केलेली डीडब्ल्यूजी फोडता येते, लिंक केलेली फोडता येत नाही. आयात केलेली फोडल्यास तिच्यातील रेषाप्रकार आणि अक्षरशैली प्रकल्पात कायम मिसळतात. म्हणून रेव्हिटमध्ये फाइल लिंक करावी आणि अनावश्यक घटक ऑटोकॅडमध्येच आधी काढून टाकावेत.